सत्य कोणाच्या सहीने ठरते?

यवतमाळ जिल्ह्यात एखाद्या कास्तकाराने जीवन संपवले की त्याच्या मृत्यूचा कागदोपत्री प्रवास सुरू होतो. पोलीस पंचनामा करतात, तलाठी अहवाल देतो, तहसीलदार प्रकरण वर पाठवतो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती त्यावर निकाल देते : पात्र किंवा अपात्र. 23 जानेवारी 2006 च्या शासन निर्णयाने या निकालाचे निकष घालून दिले. नापिकी झालेली असावी, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे, ते फेडणे अशक्य झालेले असावे आणि वसुलीचा तगादा लागलेला असावा. पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. 30 हजार रोख, 70 हजार ठेवीत. अपात्र ठरलेल्यांना या योजनेतून काही मिळत नाही.

आता एक घर डोळ्यांपुढे आणा. सातबारा बापाच्या नावावर आहे आणि वावर मुलगा कसत होता. बियाणे-खत कृषी केंद्रातून उधारीवर आणलेले, लग्नासाठीचे पैसे सोयऱ्याकडून घेतलेले, उरलेली गरज परवाना नसलेल्या सावकाराने भागवलेली. यातल्या कोणत्याच देण्याचा समितीला चालेल असा कागद नाही. गावात सगळ्यांना कर्ज माहीत आहे, फाइलमध्ये मात्र कर्ज नाही. मग तो माणूस कर्जापायी गेला, हे सत्य आहे की नाही?

गेली पन्नास वर्षे जगभरच्या विद्यापीठांत ज्या प्रश्नावर वाद चालला आहे, तो हाच प्रश्न आहे. सत्य आपल्याबाहेर असते आणि आपण ते शोधतो, की ज्याच्या हाती नियम, नोंदवही आणि शिक्का असतो तो ते घडवतो? उत्तर-आधुनिकतावाद या नावाने ओळखली जाणारी विचारांची फळी दुसऱ्या उत्तराकडे झुकते. परंपरावादी विचारवंत या फळीवर तुटून पडतात, कारण त्यांच्या मते तिने माणसाच्या पायाखालची जमीनच काढून घेतली. हा वाद पॅरिस, रोम आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांत गाजला, पण त्याचा कस यवतमाळच्या या फाइलींवर लागतो असे मला वाटते.

आधी उत्तर-आधुनिकांचे म्हणणे नीट समजून घेऊ. 1979 साली ज्याँ-फ्राँस्वा ल्योतार या फ्रेंच तत्त्वज्ञाने कॅनडातल्या क्युबेक प्रांताच्या विद्यापीठ परिषदेसाठी ज्ञानाच्या स्थितीवर एक अहवाल लिहिला. सगळ्या इतिहासाला एका सूत्रात ओवणाऱ्या महाकथांवर आता विश्वास उरलेला नाही, ही त्याची मांडणी. विज्ञानाने माणूस मुक्त होईल, क्रांतीने शोषण संपेल, धर्माने मोक्ष मिळेल, अशा या कथा. त्याचा समकालीन मिशेल फुको आणखी खोलात गेला होता. वेडा कोण, गुन्हेगार कोण, रोगी कोण हे ठरवणाऱ्या संस्था केवळ माहिती गोळा करत नाहीत. त्या वर्ग पाडतात, माणसांना त्यांत बसवतात आणि त्या बसवण्यालाच सत्य म्हणतात. प्रत्येक समाजात सत्य ठरवण्याची एक राजवट असते, असे त्याचे म्हणणे.

हे म्हणणे हसण्यावारी नेता येणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे पाहा. 2013 साली देशात 11,772 शेतकरी आत्महत्या नोंदल्या गेल्या. 2014 साली हा आकडा 5,650 वर आला. एका वर्षात निम्म्याहून कमी! शेतीत असे काय सुधारले होते? सुधारले काही नव्हते, रकाने बदलले होते. त्या वर्षापासून शेतकरी आणि शेतमजूर यांची वेगळी नोंद सुरू झाली आणि मजुरांच्या रकान्यात 6,710 मृत्यू आले. दोन्ही मिळून बेरीज 12,360 होते. वर्गवारी किती शक्तिशाली असते हे फुकोने रुग्णालये आणि तुरुंगांच्या इतिहासातून दाखवले. आपल्याकडे एका सरकारी तक्त्याने ते दाखवले. बाईच्या नावावर जमीन नसते म्हणून ती शेतात राबूनही शेतकरी ठरत नाही, ही गोष्टही त्याच जातीची. 'हे कोण ठरवते?' हा प्रश्न विचारायला ज्यांनी शिकवले, त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंपरावाद्यांचा हल्ला या प्रश्नावर नाही, त्याच्या पुढच्या पावलावर आहे. सत्य ठरवण्यात सत्तेचा हात असतो, इथपासून सत्य म्हणजे सत्तेचा खेळच, इथपर्यंत उडी घेतली की काय होते? इंग्रज तत्त्वज्ञ रॉजर स्क्रूटनचा मुद्दा साधा होता : सत्य नसतेच असे जो सांगतो, तो स्वतःच्या वाक्यावरही विश्वास ठेवू नका असे सांगत असतो. युक्तिवाद जुना आहे. प्लेटोने 'थिएटिटस' या संवादात प्रोटागोरसविरुद्ध तो वापरला होता. अमेरिकेत ॲलन ब्लूम यांनी 1987 साली लिहिलेल्या पुस्तकात तक्रार केली की, विद्यापीठात येणारा जवळपास प्रत्येक विद्यार्थी सत्य सापेक्ष असते हे गृहीत धरूनच येतो, आणि त्यामुळे शोध घेण्याची भूकच मरते. 18 एप्रिल 2005 रोजी, पोप म्हणून निवड होण्याच्या आदल्या दिवशी, कार्डिनल योझेफ रात्झिंगर यांनी रोममधल्या प्रवचनात सापेक्षतावादाच्या हुकूमशाहीचा इशारा दिला. काहीच अंतिम मानायचे नाही असे ठरले की शेवटचे माप म्हणून फक्त 'मी' आणि माझ्या इच्छा उरतात, असा त्यांचा आशय होता.

या टीकेला विज्ञानाच्या अंगणातून, डाव्या बाजूनेही दुजोरा मिळाला. ॲलन सोकल हा भौतिकशास्त्रज्ञ स्वतःला डावा म्हणवणारा. त्याने 'सोशल टेक्स्ट' या नियतकालिकाला मुद्दाम अर्थहीन लेख पाठवला. भौतिक वास्तव हीसुद्धा सामाजिक रचनाच आहे, असे भारदस्त भाषेत त्यात लिहिले होते. 1996 मध्ये लेख छापला गेला आणि मग सोकलने स्वतःच बनाव उघड केला. शोषितांची बाजू घेणाऱ्यांनी वस्तुस्थितीची कल्पनाच सोडली तर ते लढणार कशाच्या बळावर, ही त्याची खरी चिंता होती.

मला हा मुद्दा निर्णायक वाटतो, आणि त्याचे कारण पुन्हा यवतमाळातच आहे. 2017 च्या पावसाळ्यात जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्यानंतर कथांचा पाऊस पडला. कास्तकाराने तोंडाला फडके बांधले नाही. दुकानदाराने भलतीच मिश्रणे दिली. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती. पंप जास्त दाबाचे होते. औषधच घातक होते. प्रत्येक कथेमागे कोणाचा तरी हितसंबंध होता आणि तो ओळखणे गरजेचेच होते. पण ऑर्गनोफॉस्फेट वर्गातले कीटकनाशक शरीरात गेले की कोलिनेस्टरेझ हे विकर बंद पडते. मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा संदेश थांबत नाही, लाळ आणि घाम सुटतो, नजर अंधारते, श्वास अडकतो. रक्त तपासले तर विकराची घसरलेली पातळी दिसते. तपासणारा कंपनीचा असो की शेतकरी संघटनेचा, ती पातळी तेवढीच असते. काही पीडित कुटुंबांनी 2020 साली स्वित्झर्लंडपर्यंत जाऊन एका कीटकनाशक कंपनीविरुद्ध दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली. त्या कुटुंबांना तिथे 'आमची कथा' ऐकवायची नव्हती. कोणत्या बाटलीतले काय आमच्या माणसाच्या अंगात गेले, हे त्यांना सिद्ध करायचे होते.

अपात्र ठरलेल्या फाइलीचेही तसेच आहे. त्या घरातली बाई जेव्हा म्हणते की समितीचा निकाल चुकला, तेव्हा ती काय म्हणते? समितीच्या सहीबाहेर काहीतरी खरे आहे, आणि समिती त्याच्याशी जुळली नाही, असे ती म्हणते. सत्य म्हणजे सत्तेने ठरवलेली गोष्ट, एवढेच जर असेल तर समिती चुकूच शकत नाही. मग अपात्र म्हणजे अपात्र; त्या बाईपाशी दुसरे मत असेल, तक्रार नसेल. अन्याय झाला या वाक्याला अर्थ येण्यासाठी, निकाल देणाऱ्यापेक्षा मोठे काहीतरी लागते. शक्तिवानाला सत्याची फारशी गरज नसते, त्याचे शिक्क्यावर भागते. ज्याच्याकडे शिक्का नाही त्याला सत्यावाचून दुसरा आधार नाही. 2014 च्या तक्त्याची गफलतसुद्धा आपण पकडू शकलो ती तक्त्याबाहेर माणसे खरोखर मेली होती म्हणून.

इथपर्यंत परंपरावादी टीकाकारांशी माझे भांडण नाही. भांडण सुरू होते ते यापुढे. सत्य आहे, हे सिद्ध केल्यावर ते हळूच म्हणतात की ते सत्य आमच्या ग्रंथात, आमच्या परंपरेत, आमच्या गुरूपाशी आहे. पहिल्या वाक्यातून दुसरे निघत नाही. हिमालयाला अमुक एक उंची आहे याचा अर्थ माझी मोजपट्टी बरोबर आहे असा होत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या इतिहासात ठळक दिसते. परंपरावादी माणूस निरपेक्ष सत्याचा कैवारी असतो तो जिंकत असेपर्यंत. अडचणीत आला की तोच सापेक्षतावादी होतो. 1891 च्या संमतिवयाच्या वादात हे घडले. मुलीच्या संमतीचे वय 10 वरून 12 करणारा कायदा येऊ घातला होता. विरोधकांनी एकीकडे अपौरुषेय शास्त्राचा दाखला दिला आणि दुसरीकडे परक्या सरकारने आमच्या चालीरीती आपल्या मापाने मोजू नयेत असे सांगितले. टिळकांचा आक्षेप मुख्यतः या दुसऱ्या अंगाचा, परक्या सत्तेने कायदा करण्यावरचा होता. 'सुधारक'कार आगरकरांचा सूर वेगळा होता : दहा वर्षांच्या मुलीच्या शरीराला होणारी इजा कोणत्या धर्माची आहे, हे विचारण्यात अर्थ नाही.

शंभर वर्षांनी तेच पुन्हा झाले. 2001 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचे ठरवले. शास्त्रज्ञांनी विरोध केल्यावर उत्तर आले की पाश्चात्त्य विज्ञान हे ज्ञानाचे एकमेव माप नाही, आमची ज्ञानपद्धती वेगळी आहे. ही भाषा ऋषींची नव्हती, ती उत्तर-आधुनिकांची होती. मीरा नंदा यांनी 2003 च्या आपल्या पुस्तकात हाच धोका दाखवला : विज्ञानाला 'अनेकांपैकी एक कथा' ठरवणाऱ्या डाव्या विद्वानांनी वैदिक विज्ञानवाल्यांना हत्यार तयार करून दिले. उत्तर द्यायला पुण्याचे जयंत नारळीकर पुढे आले. नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि सुधाकर कुंटे यांच्यासह त्यांनी हुशार मुलांच्या 100 आणि मतिमंद मुलांच्या 100 कुंडल्या घेऊन ज्योतिष्यांना आवाहन केले. 27 ज्योतिष्यांनी प्रत्येकी 40 कुंडल्यांची उत्तरे पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तरी सुमारे 50 आली असती. वेगळ्या ज्ञानपद्धतीच्या दाव्याला त्यांनी तुच्छतेने झिडकारले नाही, त्याची परीक्षा घेतली. दाव्याचा आदर करायचा तो असा.

महाराष्ट्रात वस्तुनिष्ठ सत्याची बाजू लढवण्याचे काम परंपरावाद्यांनी केले त्याहून जास्त त्यांच्या विरोधकांनी केले. विदर्भातच पाहा. अमरावती आणि नागपूरला तत्त्वज्ञान शिकवलेले प्रा. दि. य. देशपांडे यांनी 1990 मध्ये नागपुरातून आगरकरांचा वारसा सांगणारे मासिक सुरू केले. तेच पुढे 'आजचा सुधारक' म्हणून ओळखले गेले. दिवाकर मोहनी, नंदा खरे यांनी ते पुढे चालवले. देव, आत्मा, पुनर्जन्म यांतले काहीही न मानणारे हे लोक सत्याच्या बाबतीत मात्र रोमच्या कार्डिनलइतकेच ठाम होते. सत्य मानायला आस्तिक असावे लागते, हा समज त्यांनी खोटा ठरवला.

त्यांच्याही आधी जोतीराव फुले होते, आणि या सगळ्या वादात मला सर्वांत उपयोगी पडतात ते तेच. 1873 च्या 'गुलामगिरी'त त्यांनी दशावताराची कथा हातात घेतली आणि ती जिंकणाऱ्यांनी जितांवर लादलेली कथा कशी आहे, हे उलगडून दाखवले. ल्योतारच्या शंभरेक वर्षे आधी केलेली ही महाकथेची चिरफाड आहे. मच्छ-कच्छ-वराहाचे त्यांनी लावलेले अर्थ इतिहासकार आज स्वीकारणार नाहीत, पण कथेमागची सत्ता पाहण्याची नजर अस्सल होती. आणि त्याच वर्षी, 24 सप्टेंबरला, त्यांनी पुण्यात संस्था काढली ती सत्यशोधक समाज या नावाने. कथा फोडून ते थांबले नाहीत. त्यांचे शेवटचे पुस्तक त्यांच्या पश्चात 1891 मध्ये निघाले, ते 'सार्वजनिक सत्यधर्म'. सार्वजनिक, म्हणजे कुणब्याला, माळ्याला, मांगाला, बाईला, ब्राह्मणाला एकच. शूद्रांचे सत्य वेगळे आणि भटांचे वेगळे असे मानले असते, तर जोतीरावांची सारी लढाई दोन जमातींच्या आवडीनिवडीचे भांडण ठरली असती.

उरतो तो कठीण प्रश्न : सत्य आहे आणि ते कोणाच्याच मुठीत पूर्ण नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मानून वागायचे कसे? आंधळे आणि हत्ती यांची गोष्ट इथे नेहमी सांगितली जाते. जैनांकडे ती आहे, आपल्या मराठीत महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'त ती आहे. चक्रधरस्वामींनी सांगितलेले 114 दृष्टांत केसोबासांनी त्यात एकत्र केले. आजकाल ती सहिष्णुतेची गोष्ट म्हणून सांगतात : ज्याला सोंड लागली त्याचे सोंडेचे सत्य, ज्याला पाय लागला त्याचे पायाचे. पण गोष्ट सांगणाऱ्याला सगळा हत्ती दिसलेला असतो, म्हणूनच तो बाकीच्यांचे दर्शन अपुरे म्हणू शकतो. हत्तीच नसता तर कोणी चुकले नसते. टीकाकारांचा हा मुद्दा पक्का आहे. मात्र जो उठून सांगेल की तो डोळस माणूस मीच, त्याच्याबद्दल सावध राहण्याचा हक्क बाकीच्यांना आहे.

गांधीजींनी यावर जे उत्तर काढले ते यवतमाळ जिल्ह्याने अनुभवलेले आहे. 10 जुलै 1930 रोजी वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह सुरू केला. समुद्र दूर, मीठ कुठून आणणार? म्हणून राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडायचा. अणे टिळकांच्या मुशीतले, वृत्तीने परंपरावादी. याच जिल्ह्यातल्या सत्याग्रहात त्या महिन्यात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवारही तुरुंगात गेले. या लढ्याचा पाया गांधीजींनी 1920 साली हंटर समितीपुढे, सरकारी चौकशीत साक्ष देताना, सांगितला होता. माणूस पूर्ण सत्य जाणू शकत नाही, म्हणून दुसऱ्याला शिक्षा करण्याचा अधिकारही त्याला नाही. यासाठी सत्याग्रहात हिंसा बसत नाही, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. सत्यासाठी तुरुंगात जायचे, पण आपले चुकत असेल ही शक्यता जिवंत ठेवून त्रास स्वतःच सोसायचा. ब्लूमपाशी आणि फुकोपाशी मला हे दोन्ही एकत्र सापडत नाही.

11 जानेवारी 2019 रोजी यवतमाळला भरलेल्या 92 व्या साहित्य संमेलनात या शिस्तीचा विसर पडला. उद्घाटनासाठी बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण विरोधाच्या भीतीने मागे घेतले गेले. त्यांचे म्हणणे चूक असेल तर ते व्यासपीठावर खोडता आले असते. ऐकण्याआधीच दार लावणे हे सत्याची खात्री असलेल्यांचे वर्तन नव्हे. पुढे उद्घाटन केले ते वैशाली येडे यांनी, याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. साहित्याच्या मांडवात त्या दिवशी जिल्ह्याची वस्तुस्थिती पहिल्या रांगेत आली, एवढे भले झाले.

म्हणून शेवटी मागणे एकच आहे, आणि ते जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत तत्त्वज्ञान, मराठी, समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींकडे आणि त्यांच्या शिक्षकांकडे आहे. ल्योतार, फुको परीक्षेपुरते वाचू नका. आपल्या तालुक्यातले एक अपात्र प्रकरण घ्या. कुटुंबाची परवानगी घेऊन, निकाल कोणत्या कारणाने दिला गेला ते लेखी मागा; माहितीचा अधिकार 2005 पासून तुमच्या हातात आहे. मग त्या गावात जा, कृषी केंद्राची उधारीची वही पाहा, सोयऱ्यांशी बोला, पावसाच्या नोंदी काढा. समितीचे बरोबर असेल तर तसे लिहा, चुकले असेल तर तसे लिहा, आणि तुमचे लिहिलेले दुसऱ्याला तपासू द्या.